पिशवीतल्या सोळा व्हायल: सेफ्ट्रायक्सोन घरी द्यावं का?

सिस्टर, आधी त्या पिशवीतल्या आरएलच्या (रिंगर लॅक्टेट सलाईनच्या) दोन बाटल्या काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. बाकीचं सविस्तर सांगतो. पण तोवर कुणी "अशक्तपणा लई आहे, तेवढं सलाईनही लावा की" म्हणून मागे लागलं, तर त्या तुमच्या हाताशी नकोत.

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या, निपाणीत एका छोट्या हॉस्पिटलात कामाला आणि सध्या रजेवर जांबोटीच्या बाजूला माहेरी. भावकीतल्या एका मामांना, वय ५८, टायफॉइड झाला. बेळगावात सहा दिवस अ‍ॅडमिट होते, पाचव्या दिवशी ताप उतरला, सातव्या दिवशी घरी सोडलं. कार्डावर लिहिलंय: सेफ्ट्रायक्सोन (हे अँटिबायोटिक इंजेक्शन) २ ग्रॅम ओडी, म्हणजे दिवसातून एकदा, आणखी आठ दिवस. पिशवीत १ ग्रॅमच्या सोळा व्हायल, प्रत्येकीबरोबर पाण्याची अँप्यूल, लिग्नोकेनची (जागा बधिर करणाऱ्या औषधाची) एक बाटली, आरएलच्या दोन आणि हातावर अजून तेच इंट्राकॅथ, शिरेत बसवलेली नळी. मामी म्हणतात, "टेस्ट डोस बेळगावातच झालाय, तू नर्स आहेस, रोज सुई मार की." तुम्ही विचारलंय: घरी दिलं तर चालेल का, टेस्ट पुन्हा करायची का, शिरेतून की कंबरेत, आणि ताप गेलाच आहे तर उरलेलं द्यायचं कशाला?

मी फिजिशियन आहे. या पट्ट्यात, खानापूर आणि बेळगाव मिळून, अठ्ठावीस वर्षं झाली. या काळात हजारो माणसांना हे औषध दिलं असेल. औषध चांगलं आहे, आणि त्यामुळेच ते कुणीही, कुठेही, कशातही मिसळून देऊ लागलंय. मी पाहिलेले घोटाळे बहुतेक औषधाच्या निवडीत नव्हते. शेजारी काय चाललं होतं, कशात विरघळवलं, किती वेळात दिलं आणि दिल्यावर कोण जवळ बसलं होतं, घोटाळा तिथे झाला.

आरएल आधी बाजूला काढायला सांगितलं त्याचं कारण असं. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं. सेफ्ट्रायक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की त्यांचा पांढरा साका बसतो. कधी तो नळीत दिसतो, कधी दिसतही नाही. म्हणून आरएलने व्हायल विरघळवायची नाही, चालू आरएलच्या नळीतून ढकलायचं नाही, वाय-कनेक्टर लावून दोन्ही एकदम सोडायचं नाही. मोठ्या माणसाला आरएलची खरोखर गरज असेल तर दोन्ही एकामागून एक देता येतात, पण मधे नळी नॉर्मल सलाईनने नीट धुऊन. मामा जेवतायत, पाणी पितायत, ताप नाही. त्यांना आरएलची गरजच काय? पेज, ताक, वरणभात यांनी ताकद येते. आपल्याकडे सलाईनची बाटली टांगली नाही तर आजारी माणसाची कुणी दखल घेतली असं वाटत नाही, हे मला माहीत आहे. तरी नको.

तान्ह्या बाळाचं मात्र वेगळं आहे. वय २८ दिवस किंवा त्याहून कमी असेल आणि कॅल्शियम असलेलं कुठलंही सलाईन चालू असेल किंवा लागणार असेल, तर सेफ्ट्रायक्सोन अजिबात नाही. वेगळी शीर, वेगळी वेळ, कुठलीच सबब चालत नाही. अशा बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत हा साका सापडलाय, बाळं दगावली आहेत. अमेरिकेच्या एफडीएने २००७ मध्ये याचा इशारा दिला. दुसरी भीती काविळीची. हे औषध रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि तिथे बसलेल्या बिलिरुबिनला, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याला, हुसकावून लावतं, मग ते बिलिरुबिन मेंदूत जाऊ शकतं. म्हणून कावीळ असलेल्या किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला हे देत नाहीत, बालरोगतज्ज्ञ सिफोटॅक्सिमसारखं दुसरं काही निवडतात. बारा दिवसांचं पिवळं पडलेलं बाळ आणि "मोठ्या भावाला हेच दिलं होतं, लगेच उतार पडला" म्हणणारी आजी माझ्याकडे एकदा आली होती. तिची समजूत घालायला अर्धा तास गेला, पण इंजेक्शन दिलं नाही.

आता टेस्ट डोसकडे येतो. तुमच्या प्रश्नात खरी मेख इथे आहे. त्वचेत ०.१ मिली टोचायचं, गोल काढायचा, घड्याळ बघायचं, फोड आला नाही की "टेस्ट निगेटिव्ह" लिहून मोकळं व्हायचं, ही पद्धत आपल्याकडे हाडीमाशी खिळली आहे. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण आपण वॉर्डात ती ज्या रीतीने करतो, कधी या पातळपणाचं द्रावण, कधी त्या, तिच्यावर विसंबता येत नाही. ती निगेटिव्ह आली म्हणून पुढचा डोस सुरक्षित ठरत नाही. क्वचित त्या थेंबभर औषधानेच माणूस कोसळू शकतो. आणखी एक गोष्ट: अ‍ॅलर्जी अंगात तयार व्हायला आधी औषधाशी ओळख व्हावी लागते. पहिल्या दिवशी काही झालं नाही याचा अर्थ नवव्या दिवशी होणार नाही असा नाही. मामांची सहा दिवसांची ओळख झालेली आहे. मागचे डोस पचले ही चांगली खूण, पण हमी नव्हे.

माझ्याच दवाखान्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे दोष कुणा दुसऱ्यावर जात नाही. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं. एका शेतकऱ्याला न्यूमोनिया, दोन दिवस इंजेक्शन दिलेलं, काही त्रास नाही. तिसऱ्या दिवशी मी बाहेर व्हिजिटला गेलो होतो आणि आमच्या दवाखान्यातल्या मदतनीस मुलाने नेहमीसारखं शिरेतून दिलं, दिलं म्हणजे अर्ध्या मिनिटात ढकललं. त्या माणसाने तळहात खाजवायला सुरुवात केली, मग उलटी, मग "डोळ्यापुढं अंधार आला गा" म्हणत खाली. मुलाने एव्हिल (अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन) भरली, डेक्सा (स्टेरॉइड) भरलं. अ‍ॅड्रेनलिन (अशा वेळी जीव वाचवणारं इंजेक्शन) कपाटात होतं आणि कपाटाची चावी माझ्या स्कूटरच्या डिकीत. मी फाटकात शिरलो तेव्हा बीपी लागत नव्हतं. माणूस वाचला, आजही भेटला की रामराम करतो. पण त्या दिवसापासून आमच्याकडे अ‍ॅड्रेनलिनला कुलूप नाही. इंजेक्शनच्या ट्रेमध्ये, डाव्या कोपऱ्यात, दोन अँप्यूल आणि १ मिलीची सीरिंज, टेपने एकत्र बांधलेली.

टेस्टपेक्षा मला विचारपूस मोलाची वाटते. मामांना विचारा, आणि मामींनाही विचारा, कारण बायकांना जास्त आठवतं: पूर्वी पेनिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफिक्सिम किंवा कुठलंही अँटिबायोटिक घेतल्यावर तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, दम लागला, चक्कर येऊन पडले, असं कधी झालंय का? कातडी सोलून निघाली, तोंडात फोड आले, असं झालंय का? या शेवटच्याला "हो" असेल तर या कुटुंबातलं औषधच नको. पेनिसिलिनची साधी पुरळ आली होती एवढंच असेल तर घाबरायचं कारण कमी. दहापैकी एकाला दोन्हींची अ‍ॅलर्जी असते हा आकडा आम्हाला कॉलेजात शिकवला होता. आता तो फुगवलेला मानतात, प्रत्यक्षात धोका शंभरात एक-दोनच्या आसपास. सिफोटॅक्सिम, सेफेपिम, सेफ्पोडॉक्सिम ही मात्र सेफ्ट्रायक्सोनची सख्खी भावंडं. त्यातल्या एकाने तडाखा दिला असेल तर दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि रिअ‍ॅक्शन आलीच तर क्रम पाठ असू द्या. औषध थांबवा. माणसाला आडवं करा, पाय वर. दम लागत असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. अ‍ॅड्रेनलिन, १ मिलीत १ मिलिग्रॅमवालं, मोठ्या माणसाला ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. शिरेत नाही, कातडीखाली नाही. पाच मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा तेवढंच. मुलांना वजनावर, किलोला ०.०१ मिली. इंट्राकॅथ असेल तर नॉर्मल सलाईन भराभर. एव्हिल आणि स्टेरॉइड त्यानंतर, सवड मिळाली तर. आपल्याकडे नेमका उलटा क्रम चालतो आणि हातची मिनिटं त्यातच जातात. १०८ ला फोन करायला दुसरं कुणी तरी हवं, तुमचे हात मोकळे नसतील. मामा बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेत असतील तर अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम कमी पडू शकतो. तेव्हा ती गोळी कोणती हे आजच बघून ठेवा.

मग घरी द्यायचं का? माझं मत स्पष्ट सांगतो. अ‍ॅड्रेनलिन हातात नसेल, दुसरं माणूस जवळ नसेल, गाडी दारात नसेल, तर देऊ नका. तुमच्या भागात पावसाळ्यात कणकुंबीच्या दिशेने थोडं आत गेलं की फोनची रेंज जाते, झाड आडवं पडलं की रस्ता बंद. तशा दिवसांत शिरेतलं इंजेक्शन घरात देणं मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगणार नाही. पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) जवळ असेल तर रोज सकाळी मामांना तिथे न्या, कार्ड दाखवा, तिथल्या मेडिकल ऑफिसरांच्या समोर द्या. दिवसातून एकदा देऊन चालणारं औषध आहे याचा फायदा घ्यायचा तो इथे. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला त्याला आठेक तास लागतात, इतर बरीच भावंडं तास-दीड तासातच उतरतात. म्हणून याची फेरी दिवसाला एकच.

तिथे नेलंत तरी बाटली तुमच्या हातून जाणार, म्हणून पुढचं वाचा.

लेबल आधी. सेफ्ट्रायक्सोन, सिफोटॅक्सिम, सेफ्टाझिडिम, सेफोपेराझोन, नावं सगळी एका आईची लेकरं वाटावीत अशी, आणि खोकेही सारखेच. शिवाय मोनोसेफ हे ब्रँडचं नाव आपल्याकडे औषधाचंच नाव होऊन बसलंय, त्यामुळे "मोनोसेफ द्या" म्हटल्यावर दुकानदार काय देईल याचा नेम नाही. पिशवीतल्या एखाद्या व्हायलवर १.५ ग्रॅम लिहिलंय का बघा. तसं असेल तर त्यात १ ग्रॅम सेफ्ट्रायक्सोन आणि ५०० मिलिग्रॅम सल्बॅक्टम आहे. ही जोडी आपल्याकडे धडाक्यात खपते. मला तिचं गणित कधी पटलं नाही: सल्बॅक्टमचा अर्धा अंमल तासाभरात उतरतो, सेफ्ट्रायक्सोनचा आठ तासांनी, आणि दिवसातून एकदा देऊन दोघांची साथ किती वेळ टिकणार? टायफॉइडला तर तिची गरजच नाही. डॉक्टरांनी नुसतं सेफ्ट्रायक्सोन लिहिलं असेल तर नुसतंच हवं.

कार्डावरची अक्षरंही नीट वाचा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा. (निपाणीत "बीडी लिहिलीय" म्हटल्यावर पेशंट खिशातली काडेपेटी चाचपतो, हा आमच्याकडचा जुना विनोद.) टायफॉइडला कुणी २ ग्रॅम एकदा देतं, कुणी दोनदा. मेंदूज्वरात २ ग्रॅम दर बारा तासांनी लागतं, साध्या न्यूमोनियात १ ते २ ग्रॅम एकदा पुरतं. तुमच्याकडे एकदा लिहिलंय, तर एकदाच. "जरा जोरात होऊ दे" म्हणून स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही. किडनी एकटी बिघडली असेल तर बहुधा डोस कमी करावा लागत नाही, कारण हे औषध काही लघवीतून आणि काही पित्तातून जातं. दोन्ही वाटा, किडनी आणि लिव्हर, खराब असतील तर मात्र दिवसाला २ ग्रॅमच्या वर जायचं नाही. किडनीच्या पेशंटने दोन-तीन दिवसांत असंबद्ध बोलायला सुरुवात केली, अंगाला झटके येऊ लागले, तर ते औषधानेही असू शकतं.

शिरेतून की कंबरेत? २ ग्रॅम आहे म्हटल्यावर माझा कल शिरेकडे. कंबरेत एका जागी १ ग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, म्हणजे रोज दोन्ही बाजूंना, आठ दिवस, सोळा सुया. टायफॉइडने आधीच वाळलेल्या माणसाच्या कंबरेत तेवढं मांस तरी असतं का? कंबरेत द्यावंच लागलं तर १ ग्रॅमला १ टक्क्याची लिग्नोकेन साधारण ३.५ मिली. अ‍ॅड्रेनलिन मिसळलेली लिग्नोकेन नाही, बाटली उलटसुलट करून वाचा. पाण्यात विरघळवून दिलं तर माणूस कळवळतो, म्हणून लिग्नोकेन. आणि हे पक्कं: लिग्नोकेनमध्ये विरघळवलेलं शिरेत कधीच नाही. हृदयाची लय बिघडते, झटके येतात. भरलेल्या सीरिंजवर पट्टी चिकटवून "कंबर" लिहायची सवय ठेवा. दोन पेशंट, दोन सीरिंज, एकच ट्रे आणि वर लाईट गेलेली, यात काय होऊ शकतं ते तुम्हाला सांगायला नको.

शिरेतून देताना १ ग्रॅम व्हायलबरोबरच्या १० मिली पाण्यात, पूर्ण विरघळून साफ होईपर्यंत. २ ग्रॅम असेल तर १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये टाकून अर्ध्या तासात सोडणं उत्तम. हाताने द्यायचंच असेल तर घड्याळ लावून निदान पाच मिनिटं. घाईघाईने ढकललं की धडधड, घाम, कासाविशी, आणि मग ती रिअ‍ॅक्शन आहे की घाईचा परिणाम हे कुणालाच कळत नाही. रंग फिकट पिवळा असतो, त्याने घाबरू नका. गढूळ असेल, कण दिसत असतील तर फेका. आज भरून उद्यासाठी ठेवायचं नाही. त्याच सीरिंजमध्ये किंवा त्याच बाटलीत अमिकासिन, जेंटामायसिन, व्हँकोमायसिन, फ्लुकोनाझोल मिसळायचं नाही. व्हायल चुलीजवळच्या फळीवर नकोत, उन्हात नकोत, खोक्यातच ठेवा.

त्या इंट्राकॅथचं वय काय? सहा दिवस झाले असतील तर ते काढायलाच हवं होतं. जागा लाल, गरम, दोरीसारखी कडक लागत असेल तर आजच काढा. पूवाचा संसर्ग घालवायला औषध द्यायचं आणि सुईच्या तोंडातून नवा संसर्ग आत सोडायचा, हे घरोघरी चाललेल्या इंजेक्शनांत मी फार पाहिलंय. दिल्यावर अर्धा तास त्यांच्या उशाशी बसा. चहा तिथेच मागवा.

उरलेलं द्यायचं कशाला, हा तुमचा चौथा प्रश्न. टायफॉइडचा ताप या औषधानेही लगेच उतरत नाही, चार ते सहा दिवस घेतो. मामांचा पाचव्या दिवशी उतरला, म्हणजे अगदी हिशेबात. (हे ठाऊक नसल्यामुळे तिसऱ्या दिवशी नातेवाईक दवाखाना बदलतात, तिथले डॉक्टर औषध बदलतात, आणि ताप उतरल्याचं श्रेय तिसऱ्यालाच जातं. मिरज, कोल्हापूर, बेळगाव असं त्रिस्थळी फिरून आलेले पेशंट माझ्याकडे येतात.) ताप गेला तरी जंतू पेशींच्या आत दडून असतात. अर्ध्यावर सोडलं तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उलटतो. म्हणून एकूण दहा ते चौदा दिवस.

पण उपचार पूर्ण करायचा म्हणजे सुईनेच करायचा असं कुठे आहे? तुम्ही आज संध्याकाळी सगळ्यात उपयोगाचं जे काम करू शकता ते हे: कार्डावरच्या नंबरला फोन लावून डॉक्टरांना विचारा, "पेशंट दोन दिवस तापमुक्त आहे, नीट जेवतोय, उलट्या नाहीत, उरलेले दिवस गोळीवर नेता येतील का?" ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) केलं होतं का आणि त्यात कोणत्या औषधाला जंतू दाद देतो हेही विचारा, कारण विडाल या नुसत्या रक्ततपासणीवर टायफॉइड ठरवणं म्हणजे अंधारात दगड. अझिथ्रोमायसिनसारखी तोंडाने घ्यायची औषधं आहेत, बरेच डॉक्टर या टप्प्यावर ती देतात. आपल्या देशातल्या टायफॉइडच्या जंतूने सिप्रोफ्लॉक्सासिनला बहुतेक ठिकाणी केव्हाच जुमानणं सोडलंय, म्हणून शेजारच्या कुणाच्या उरलेल्या सिप्रोच्या गोळ्या नकोत. निर्णय त्यांचा, पण विचारणारं कुणी असेल तर डॉक्टर विचार करतात. डिस्चार्जच्या गर्दीत कार्डावर "चालू ठेवा" लिहिणं सोपं असतं, मीही लिहितो.

या काळात पोटाकडे लक्ष ठेवा. एकदम पोट दुखून कडक झालं, शौचाला काळं झालं, तर टायफॉइडने आतडं फाटलं असेल किंवा आत रक्तस्राव होत असेल, तिसऱ्या आठवड्यात तो धोका असतो, सरळ बेळगाव गाठा. उजव्या बरगडीखाली दुखलं, मळमळलं, तर गोष्ट निराळी असू शकते. सेफ्ट्रायक्सोन पित्ताशयात साठून गाळ धरतं, सोनोग्राफीत तो हुबेहूब खड्यांसारखा दिसतो, मुलांमध्ये जास्त. चौदा दिवसांचा कोर्स नुकताच झालेली दहा वर्षांची एक मुलगी "ऑपरेशन सांगितलंय" म्हणून माझ्याकडे आणली होती. आधीची सोनोग्राफी साफ, मधल्या काळात फक्त हे औषध. दीड महिना थांबून पुन्हा बघितलं, खडे गायब. पातळ जुलाब दिवसातून पाच-सहा वेळा, रक्त किंवा शेंबूड पडला, तर औषध देऊन आतड्यातले भले जंतू मेल्याने माजलेल्या क्लॉस्ट्रिडिअम या जंतूचे ते असू शकतात. लोपेरामाइड, जुलाब थांबवणारी गोळी, देऊन दाबायचे नाहीत. हे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही होतं. आणि डोस दिल्यावर काही तासांत माणूस पांढराफटक पडला, लघवी कोकमाच्या आगळासारखी झाली, तर रक्तपेशी फुटतायत समजा. दुर्मीळ आहे, पण जिवावरचं आहे, पुढचा डोस नाही. हृदयाची झडप बदललेली माणसं वॉरफरिन, रक्त पातळ करणारी गोळी, घेतात, त्यांचं रक्त सेफ्ट्रायक्सोनने जास्त पातळ होतं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी) लवकर तपासावा.

मामांचं ठीक आहे, निदान लिहून आलंय. पण तुम्ही इंजेक्शन देता हे गावात कळलं की उद्या ओट्यावर तिघं बसलेले असतील. ताप आला की "एक मोनोसेफ मारा" म्हणणाऱ्यांसाठी एवढं लक्षात ठेवा. काजूच्या बागेतून, जंगलातून, गवत कापून आलेल्या माणसाला आठवडाभर ताप असेल तर काखेत, जांघेत, पट्ट्याखाली काळी खपली शोधा. स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असेल तर सेफ्ट्रायक्सोनचे दहा डोस पाण्यात, आणि डॉक्सिसायक्लिनने बहुधा दोन दिवसांत फरक पडतो. माकडताप, १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखलेला आणि २०१६ च्या सुमारास आपल्या घाटाखाली दोडामार्गात दिसलेला, तो विषाणूचा, त्याला कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. डेंग्यूलाही नाही. भातशेतीत गुडघाभर चिखलात राबलेल्या माणसाच्या लेप्टोला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूच्या तापाला, मात्र हे चालतं. म्हणजे एकाच रानातून आलेले चार ताप, आणि ही एक बाटली त्यातल्या एकाच्याच कामाची. निदानाआधी टोचलं की कल्चर कोरं येतं आणि पुढचा डॉक्टर चाचपडत बसतो.

कायद्याचं थोडक्यात. २०१४ पासून हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे. खोक्यावर लाल पट्टी, दुकानदाराने चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि पेशंटचं, डॉक्टरचं नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवायची. तुम्हीही लेखी ऑर्डरशिवाय हात लावू नका. कार्डाचा फोटो काढून ठेवा. रोजची तारीख, वेळ, व्हायलचा बॅच नंबर, आधीची आणि नंतरची नाडी-बीपी, शाळकरी वहीत लिहा. काही झालंच तर त्या वहीतलं एक पान तुमच्यासाठी दहा माणसांच्या साक्षीएवढं असेल.

डॉक्टरांनी गोळीवर नेलं, तर व्हायल उरतील. मामी त्या फ्रीजच्या दारात नीट रचून ठेवतील, कारण पैसे मोजलेत, आणि पुढच्या पावसात नातवाला ताप आला की तिथूनच एक निघेल. तेव्हा गोळी सुरू झाली त्याच दिवशी न फोडलेली खोकी, बिलासकट, मामांच्या मुलाच्या हातात द्या आणि जिथून घेतली त्या दुकानात परत करायला पाठवा. दुकानदाराने घेतली नाहीत तर ती पीएचसीतल्या फार्मासिस्टकडे द्या.